न दिसणारी सोबत

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी कापूस घरात आला होता. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग लागला होता आणि त्याला पाठ लावून मनोहर बसले होते. अंगात नवा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे नाव लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही. माझ्या दिरानं, सुनीलनं, दारात ऑटो आणून उभा केला होता. ऑटोनं घाटंजी, तिथून एसटीनं यवतमाळ आणि पुढे पुण्याची ट्रॅव्हल्स. सामान म्हणजे कपड्यांच्या बॅगा आणि एका पोत्यात तूरडाळ, तिखट, थोडी ज्वारी.

आमची पायल तेव्हा दुसरीत होती. शाळा मध्येच सोडवता येत नव्हती आणि तिकडे डोक्यावर छप्पर कसं असेल त्याचाही पत्ता नव्हता, म्हणून तिला आजीजवळ ठेवून चाललो होतो. सकाळपासून ती रडली नव्हती. ऑटो सुरू झाला, थोडा पुढे गेला आणि मागून ती धावत आली. रडत नव्हती, ओरडत होती.

"आई, बाबाले सांग! मी हात हालवून राह्यली म्हणून सांग!"

मी सांगितलं. मनोहरनी ऑटोच्या बाहेर हात काढून हलवला. उलट्या बाजूला. मी त्यांचा हात धरून बरोबर बाजूला वळवला.

निघताना आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लेकाच्या कपाळाला माहूरच्या देवीचं कुंकू लावलं होतं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जा पोरी. देव संगं हाये." मी ऑटोत जाऊन बसले. थांबले असते तर फार वाईट शब्द तोंडातून गेले असते.

तुम्ही गावात राहिलेले सगळे मला फोनवर विचारता, वंदना, तुम्ही काहून गेलात? शेत होतं, घर होतं, भाऊ जीव लावणारा होता. आणि माझ्यासारख्याच इकडे आलेल्या बायका कँटीनमध्ये विचारतात, तुझं तर सगळं होतं गं तिकडे, मग? दोन्हीकडच्यांना मी आजवर धड सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

गाव सोडण्याच्या आदल्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पिकाकडे पाहून लोक म्हणायचे, मनोहरनं सोनं पिकवलं. फवारणी चालू होती. दुपारी वारा पडलेला, उकाडा असा की पानही हलत नव्हतं. पंपाचं नोझल चोंदलं. असं नेहमीच व्हायचं. त्यांनी ते तोंडासमोर धरून पिळून काढलं आणि आत दाबून बसलेलं औषध एकदम डोळ्यांत उडालं. विहिरीवर जाऊन डोळे धुतले, आणि धुऊन पुन्हा पंप पाठीला लावला. एक तास राहिला होता म्हणे, तेवढं उरकून घेऊ. संध्याकाळी घरी आले तेव्हा डोळे जास्वंदीसारखे लाल होते. सकाळी उघडलेच नाहीत.

यवतमाळ झालं, नागपूर झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावरचा पडदा जळाला आहे, दोन्हीकडचा. कोणाचा तरी दान केलेला पडदा मिळाला तर एका डोळ्यात बसवून पाहू. तो मिळेपर्यंत मी काय काय केलं ते आता आठवलं की माझीच मला कीव येते. अनवाणी चालले. मंगळवार धरले, शुक्रवार धरले. माहूरच्या गडाची एकेक पायरी चढताना आईला म्हटलं, एकच डोळा दे, दुसरा नको, आम्ही एकात भागवू. साडीचोळी कबूल केली. माझं स्वतःचं काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

पडदा मिळाला. बसवला. थोडे दिवस त्यांना माझी सावली दिसली. "तू हिरवं घातलं का?" त्यांनी विचारलं आणि मी खरंच हिरवी साडी नेसले होते. मी वॉर्डातच खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं. नंतर डोळा दुखायला लागला, पांढरा झाला. डॉक्टर म्हणाले, शरीरानं तो पडदा धरला नाही.

घरी आल्यावर मी देवाच्या तसबिरी काढून धान्याच्या कोठीमागे ठेवल्या. आत्याबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या कोठीमागे गेल्या आणि तिथेच हात जोडून आल्या.

खरं तर गाव सोडायचं मनोहरच म्हणाले. लोक भेटायला यायचे. दारात थांबायचे, 'च्' करायचे, खुर्चीत बसायचे आणि त्यांच्यासमोरच मला विचारायचे, "आता कसं होईन वो?" जणू ते बहिरेही झाले होते. पण त्यांनी सांगितलेलं कारण ते नव्हतं. एका दुपारी ओसरीत बसून म्हणाले, "वंदना, मले इथून ने."

"कायले? इथं सारे आपले हायेत."

"इथं मले सारं दिसते," ते म्हणाले. "तू म्हणतं सुनील नाल्याकडच्या वावरात गेला, की मले तो नाला दिसते. बांधावरची बाभूळ दिसते. पऱ्हाटीले बोंडं कशी लागली असन ते दिसते. आणि हात लावाले जातो तं काहीच नाही. लय त्रास होते. जिथं मी कधी काही पाह्यलंच नाही, तिथं ने."

त्या रात्री मी माझ्या मावसभावाला फोन लावला.

तो पुण्याजवळ चाकणला एका कंपनीत होता. त्यानं तिथल्या कँटीनच्या कॉन्ट्रॅक्टरला सांगून माझं काम लावून दिलं. अशा रीतीनं आम्ही आलो.

चाकणची खोली म्हणजे एका ओळीत बांधलेल्या खोल्यांपैकी एक. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, नळ बाहेर सामाईक. शेजारी लातूरच्या रेखाताई, त्यांचा नवरा फोर्कलिफ्ट चालवायचा. पलीकडे बिहारची पोरं. गावी उठलं की अंगण असायचं, इथे दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. मी शिफ्टला जायचे. टोपी घालायची, हातमोजे घालायचे, कणकेचे गोळे यंत्रात टाकायचे, पोळ्यांची चवड उचलून गरम डब्यात रचायची. मी 'करून राह्यली', 'जाऊन राह्यली' म्हटलं की बाकीच्या हसायच्या. हळूहळू मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले. आज मी लिहिते आहे तेही त्यांच्यासारखंच. माझी बोली आता फक्त फोनवर आणि भांडताना बाहेर येते.

मनोहर दिवसभर खोलीत. मी जाताना पाण्याची बाटली उजव्या हाताला, ताट डाव्या हाताला, मोबाइल उशीखाली ठेवायचे. मोरीपर्यंत दोरी बांधली होती, ती धरून जायचे. सुरुवातीला मी आले की विचारायचे, आज भाजी काय होती, साहेब लोक काय म्हणत होते. मग विचारणं कमी झालं. मग ताट तसंच राहायला लागलं. पायलचा फोन आला की ते झोपल्याचं सोंग करायचे. ती म्हणायची, "बाबाले उठव ना." मी म्हणायचे, थकले गं. ती म्हणायची, "काय करून थकले?"

मला रडायला जागा नव्हती. गावात रडले असते तर लोकांनी पाहिलं असतं. इथे खोलीत रडले तर त्यांना ऐकू जायचं, कारण आता ते सगळंच ऐकायचे, माझा श्वाससुद्धा. मी कँटीनच्या मागे भांडी घासण्याच्या आवाजात रडून घ्यायचे.

असंच एकदा बाहेर नळावर उभी असताना आत्याबाईंचा फोन आला. नेहमीसारखं सगळं विचारून झालं आणि शेवटी म्हणाल्या, "घाबरू नको. देव संगं हाये."

त्या दिवशी माझा बांध फुटला. नळावरच्या बायका ऐकत होत्या, तरी मी ओरडले. "आत्याबाई, देवाचं नाव काढू नका माह्यासमोर. त्या दिवशी वावरात कोठी होता तो? नोझल चोंदलं तवा कोठी होता? माहूरच्या पायऱ्या मी चढली, तवा झोपला होता का?"

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील.

मग म्हणाल्या, "मले का माहीत पोरी. मी काय शिकेल हाये? तुह्या मामाजीले पान लागलं, तवा बंडीत टाकून घाटंजीले नेलं मी त्यायले. डोकं माह्या मांडीवर होतं. रस्त्यातच गेले. बंडीवाला बैल हाकलून राह्यला, त्याले सांगावं तरी काय. तशीच बसून राह्यली, मेल्या माणसाचं डोकं धरून, घाटंजीलोक. देवानं काहून नेलं ते आजलोक मले समजलं नाही. पण त्या बंडीत मी एकली नोती. एवढं मले पक्कं माहीत हाये. जे माहीत हाये, तेच मी तुले सांगतो."

बंडी म्हणजे बैलगाडी, आणि 'पान लागणं' म्हणजे साप चावणं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेले हे मला माहीत होतं. बंडीतली गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, लेकांनाही नसेल. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मन काही मऊ झालं नाही. उलट वाटलं, म्हातारीला भास झाला असेल, आणि माझ्या नशिबी तेवढा भासही नाही.

उन्हाळा लागला. पायलची परीक्षा जवळ आली होती, तिला आणायचं ठरत होतं. एका दुपारी जेवणाची गर्दी चालू असताना सुपरवायझरनं मला बाहेर बोलावलं. रेखाताईंचा फोन होता. "वंदना, तुमच्या खोलीचं दार सताड उघडं आहे. भाऊ आत नाहीत. मी सगळीकडे बघितलं."

मी टोपी आणि हातमोजे घातलेलीच धावले. ज्या माणसाला मोरीपर्यंत जायला दोरी लागते, तो माणूस बाहेर. आमच्या ओळीच्या टोकाला कच्चा रस्ता, तो पुढे हायवेला मिळतो, आणि त्या हायवेवर कंटेनर आणि ट्रक एकामागे एक चालूच असतात. मला त्या क्षणी सगळं कळलं. ताट तसंच का राहत होतं, पोरीशी का बोलत नव्हते, सगळं. धावताना मी मोठ्यानं काय म्हणत होते ते मला आठवत नाही. रेखाताईंनी नंतर सांगितलं, तू 'माय, माय' करत होतीस. गावच्या माझ्या आईला हाक मारत होते की माहूरच्या, कोण जाणे.

हायवेला लागले तिथे कडुनिंबाखाली एक रसवंती होती. तिच्या बाकावर मनोहर बसले होते. पाय अनवाणी, तळव्यांना फोड आलेले, हातात रसाचा ग्लास, तो तसाच भरलेला. रसवंतीवाली बाई मला पाहताच अंगावर आली.

"तुझा माणूस आहे का? लाज नाही वाटत आंधळ्या माणसाला एकटं सोडायला? केव्हाचा तिथं कडेला उभा होता उन्हात. गाड्या हॉर्न मारून जात होत्या. मला वाटलं पलीकडं जायचंय. हाक मारली, तर हलेना. मग मीच हात धरून आणलं."

"कोणी होतं का संगं?" मनोहरनी तिला विचारलं.

"कोण असणार? तू एकटाच होतास की."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे तोंड केलं. मी अजून एक शब्द बोलले नव्हते, पण मी कुठे उभी आहे ते त्यांना कळलं होतं. "वंदना, मी मराले आलतो," ते म्हणाले.

रसवंतीवाल्या बाईनं चरक थांबवला आणि आत निघून गेली.

"आवाजाच्या अंदाजानं आलो. दोनदा पडलो. एक पाऊल टाकायचं राह्यलं होतं. ट्रकचा वारा थोबाडावर लागून राह्यला होता. मग... तुले हसू येईन."

"नाही येणार. बोला."

"मले वाटलं, बाजूले कोणीतरी उभं हाये. हात नाही धरला. बोललं नाही. जाऊ नको असंही नाही म्हटलं. नुसतं उभं. मी म्हटलं, हे जाईन मग टाकू पाऊल. माणसासमोर कसं मरावं? मी थांबलो, तं तेही थांबलं. मी उभा, तेही उभं. गेलंच नाही वंदना. मले त्या दिवसापासून पहिल्यांदा एकटं नाही वाटलं."

मी त्यांच्या पायांशी मातीत बसले. त्यांना मारावंसं वाटत होतं आणि कवटाळावंसंही. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी देवाला शिव्या दिल्या. हायवेच्या कडेला, पांढरी टोपी घातलेली मी बाई, आमच्या बोलीत, मोठमोठ्यानं. आंधळ्याच्या बाजूले उभा राहू शकतं तं त्या दिवशी नोझल धरता नोतं येत का तुले? एवढ्या दूर चाकणले येता येते, आमच्या वावरात येता नोतं येत? किती वेळ भांडले देव जाणे. मनोहर माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून होते. माझा घसा बसला तेव्हा लक्षात आलं की गेले कितीतरी महिने मी देवाशी एक शब्द बोलले नव्हते. भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं, आणि मी तर कोणीतरी असल्यासारखी भांडत होते.

यानंतर सगळं ठीक झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांचे वाईट दिवस अजून येतात. अशा दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि मी कामावर गेले तरी माझा जीव दारात अडकलेला असतो. जाताना रेखाताईंना सांगून जाते. पण त्यांनी तेव्हा एक केलं. हायवेवरून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून गावी फोन लावून मागितला आणि पायलशी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दाम नळावर गेले.

परीक्षा झाल्यावर सुनील तिला घेऊन आला. ती आली आणि खोलीत आवाज आला. बापाला हात धरून ती दुकानात नेते, मध्ये गटार आहे, आता उडी मारा, असं ओरडून सांगते. कँटीनला लागणारा लसूण सोलायचं काम कॉन्ट्रॅक्टरनं घरी द्यायला सुरुवात केली, ते मनोहर करतात. बोटांना त्याचा वास कायमचा बसला आहे.

यंदा पुण्याच्या एका डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून पाहू म्हटलं. आशा कमी आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी या वेळी काही कबूल केलं नाही. नवस नाही, उपास नाही. बाहेर बाकावर बसून देवाला एवढंच म्हटलं, आत जा, त्यांच्याजवळ उभा राहा, मला आत सोडत नाहीत. त्यापलीकडे काही मागायची हिंमतच झाली नाही.

पट्टी काढली तेव्हा पायल आणि मी समोर उभ्या होतो. डॉक्टरांनी बॅटरी मारली. "काही दिसतंय?"

मनोहरनी थोडा वेळ घेतला. खरंच प्रयत्न करत होते, कपाळावर शीर उमटली होती. मग म्हणाले, "अंधारच हाये साहेब."

आम्ही खोलीवर आलो. दार लावायचंही सुचलं नाही. आधी पायल रडली, मग मी, मग तेही. मला वाटतं ते पहिल्यांदाच आमच्यासमोर रडले. कोणी कोणापासून लपवलं नाही. रेखाताई दारात आल्या, परत गेल्या आणि चहाचं पातेलं घेऊन आल्या. बिहारची पोरं आपला रेडिओ बंद करून गुपचूप बसली. गावातल्या ज्या 'च्'पासून आम्ही पळालो होतो, तो इथे एकाच्याही तोंडून आला नाही.

चहा झाल्यावर मी विचारलं, "अहो, आत ऑपरेशनच्या वेळी... होता का?"

"होता," ते म्हणाले. एवढंच.

गावचे तुम्ही विचारता, आता इलाज संपला, मग परत कधी येता? आम्ही दिवाळीला येऊ, लग्नकार्याला येऊ, आत्याबाईंना भेटायला येऊ. पण परत येणार नाही. तिकडचं घर मनोहरना अजून पूर्ण दिसतं आणि तेच त्यांना सोसत नाही. या पत्र्याच्या खोलीत त्यांनी कधी काही पाहिलं नाही, तरी जे आहे ते सगळं त्यांच्या हातांना ओळखीचं झालं आहे. आणि मला इथे रडता आलं. जिथे तिघांना मिळून रडता आलं, त्याला मी आता घर म्हणते. याहून चांगली व्याख्या मला जमत नाही.

देवाचं म्हणाल, तर मला तो आजवर एकदाही जाणवलेला नाही. आत्याबाईंना बंडीत जाणवला, यांना हायवेवर. मी कान लावून बसते, काही ऐकू येत नाही. पण ही दोन्ही माणसं खोटं बोलणारी नाहीत, हे मला माहीत आहे. रस्त्यानं जाताना मनोहर माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या मागून चालतात. देवाच्या या एका वाटेवर मात्र मी त्यांच्या मागून चालते, त्यांचा खांदा धरून, डोळे उघडे असून काही न दिसता.